रोज नव्याने घेतलेलं जू

ज्यू धर्मशास्त्राचा पायाभूत ग्रंथ ‘मिश्ना’ इ.स. 200च्या सुमारास सिद्ध झाला. त्यातला अगदी पहिला प्रश्न वेळेचा आहे: संध्याकाळचा शेमा कधीपासून म्हणायचा? शेमा म्हणजे देव एकच आहे याची ग्वाही. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथामधले तीन उतारे, रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचे. ग्वाही एकदा देऊन झाली, मग रोज कशाला?

उत्तर मिश्नातच सापडतं. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, यहोशुआ बेन कोरहा सांगतात, शेमा म्हणताना माणसाने आधी देवाच्या राज्याचं जू मानेवर घ्यावं, मग त्याच्या आज्ञांचं. बैलाच्या मानेवरचं जू संध्याकाळी उतरतं, सकाळी पुन्हा चढवावं लागतं. माझ्या मते निष्ठेचंही तसंच आहे. कालची आजला पुरत नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरदेवाला मिश्नानुसार शेमाची सूट असे. रब्बान गमलिएल यांनी तरीही तो म्हटला. शिष्यांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की देवाचं राज्य घटकाभरही बाजूला ठेवायला मी तयार नाही. मिश्नातला हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

पण रोजचं म्हटलं की यांत्रिकपणा आलाच, आणि रब्बींना ही भीती पुरेपूर ठाऊक होती. उरकायचं काम म्हणून केलेली प्रार्थना ही विनवणीच नव्हे, असं रब्बी एलिएझर बजावतात. म्हणून शेमाची पहिली ओळ चित्त नसताना म्हटली, तर ती म्हटलीच नाही असं धरतात. त्या ओळीपुरता उजवा हात डोळ्यांवर ठेवण्याची रीत त्यासाठीच. ‘सिफ्रे’ या प्राचीन भाष्यात तर म्हटलं आहे की हे शब्द जुन्या, कुणी न विचारणाऱ्या फर्मानासारखे वाटू नयेत. आत्ताच निघालेलं फर्मान वाचायला लोक धावतात, तसे वाटावेत. शब्द तेच ठेवायचे आणि ऐकणाऱ्याने रोज नवं व्हायचं, ही अपेक्षा सोपी नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने हा शेमा जपला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता, खाण्याचे निर्बंध आणि शेमा तेवढे उरले. जन्म, लग्न, मृत्यू, सगळीकडे तोच शेमा. मुंबईत मांडवीला 1796मध्ये त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं आणि पुढे कोचीनच्या ज्यूंच्या मदतीने सगळी उपासना नव्याने शिकणं सुरू झालं, तेव्हा हाताशी आधार होता तो याच एका प्रार्थनेचा.