मोठा चोणक बहुधा मादी असतो

गळाचा नाद असलेल्या हुबळी-धारवाडकरांनी दसरा उलटला की यल्लापूर, अरबैल घाट करत कारवार गाठावं. पावसाळाभर काळी नदी समुद्रात गढूळ गोडं पाणी ओतते. ऑक्टोबरात गाळ बसू लागतो, भरतीबरोबर खारेपणा खाडीत परततो. पावसाळी वाऱ्यांच्या काळात तळाचं पोषक पाणी वर आलेलं असतं. त्यावर प्लवक, प्लवकांवर तारली-बांगडे आणि लहान मासळीच्या मागावर तांबोशी नि चोणक, म्हणजे रायगडकरांचा जिताडा.

ओहोटीला सदाशिवगडाजवळच्या मुखाकडे लहान मासळी वाहत येते. चोणक खडकाआड दबा धरून असतो. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावर जी रेघ दिसते, ती पाण्यातली थरथर टिपते. म्हणून अंधुक पाण्यातही प्लास्टिकचा खोटा मासा वळवळला की झडप पडते. वास नसला तरी बिघडत नाही!

खरी गंमत पुढेच. चोणक सहसा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. फोटोत मिरवावा असा थोराड मासा म्हणजे बहुधा लाखोंनी अंडी घालणारी मादी. तेव्हा कालवणाला मध्यम चोणक ठेवा. मोठा मात्र ओल्या हातांनी गळ काढून सोडून द्या.