दोघांचा मिळून एक गुण : चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज यांची जोडी



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी जोडीने करायचा एक प्रकल्प दिला होता. आपलं धर्माबाद तेलंगणाच्या हद्दीवर असल्यामुळे वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं आहेत, तशी तेलुगू बोलणारीही आहेत. मी मुद्दाम अशा दोन मुलींची जोडी लावली. दोघी हुशार, दोघींनाही पुढे होऊन बोलायची घाई. प्रकल्प अर्धवट राहिला आणि गुण कमी पडले. दुसऱ्या दिवशी एकीची आई आली, "मॅडम, माझ्या लेकराचे गुण दुसरीमुळं कमी व्हायलेत. तिला वेगळं बसवा."

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर ते बॅडमिंटनच्या एका जोडीत सापडलं. ही माहिती वर्गातही सांगता येईल, म्हणून इथे देत आहे.

दुहेरीचा खेळ वेगळा कसा?

बॅडमिंटनच्या मैदानाची लांबी ४४ फूट असते. एकेरीसाठी रुंदी १७ फूट, तर दुहेरीसाठी २० फूट. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले, पण जागा फक्त ३ फुटांनी वाढली. त्यामुळे कोणी कुठे उभं राहायचं हेच मोठं कौशल्य ठरतं. आपण शटल खाली मारलं, म्हणजे हल्ला केला, की जोडी पुढे-मागे उभी राहते. एक जाळ्याजवळ, एक मागे. शटल वर उचलावं लागलं की दोघं बाजूबाजूला येतात, कारण आता समोरून हल्ला येणार असतो. एका रॅलीत ही अदलाबदल कितीतरी वेळा होते, आणि तीही विचारायला वेळ नसताना.

जोडी कशी जमली?

चिराग शेट्टीचा जन्म ४ जुलै १९९७ चा, मुंबईचा. सुरुवातीचे धडे त्याने मुंबईत उदय पवार यांच्या अकादमीत घेतले, नंतर तो हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आंध्र प्रदेशातल्या अमलापुरमचा, घरची भाषा तेलुगू. त्याचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, हे आपल्यासाठी विशेष!

मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी या दोघांना एकत्र आणलं. दोघंही उंच, दोघांनाही मागे उभं राहून जोरात स्मॅश मारायची सवय. मग जाळ्याजवळ कोण जाणार? माझ्या वर्गातल्या त्या दोन मुलींसारखंच झालं म्हणा ना. हळूहळू चिरागने पुढची जागा अंगवळणी पाडून घेतली. मागून सात्विक स्मॅश मारतो आणि कसंबसं परत आलेलं शटल पुढे चिराग संपवतो. टाळ्या स्मॅशला पडतात, पण तो गुण दोघांचा असतो.

दोन सामने जिंकूनही बाहेर

२०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं, २०१९ मध्ये त्यांनी थायलंड ओपन जिंकली. पुढे टोकियो ऑलिंपिक. ते जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये झालं. गटात चार जोड्या, प्रत्येकीचे तीन सामने, आणि पहिल्या दोन जोड्या पुढे जाणार. चिराग-सात्विकने तीनपैकी दोन सामने जिंकले. पण आणखी दोन जोड्यांनीही दोन-दोनच जिंकले होते! मग जिंकलेल्या गेममधून हरलेले गेम वजा केले गेले :

- इंडोनेशिया : ५ – २ = ३
- चिनी तैपेई : ५ – ३ = २
- भारत : ४ – ३ = १

आपली जोडी बाहेर पडली. चिनी तैपेईच्या ज्या जोडीला आपल्या पोरांनी हरवलं होतं, तिनेच पुढे सुवर्णपदक जिंकलं. किती लागलं असेल मनाला! पण जोडी फुटली नाही.

त्यानंतर

- मे २०२२ : भारताने पहिल्यांदा थॉमस कप जिंकला. अंतिम फेरीतला दुहेरीचा सामना पहिला गेम हरूनही या दोघांनी खेचून आणला.
- ऑगस्ट २०२२ : राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. मग जागतिक स्पर्धेत कांस्य, तेही त्याच टोकियो शहरात. पुरुष दुहेरीत भारताचं हे पहिलंच जागतिक पदक.
- जून २०२३ : इंडोनेशिया ओपनचं विजेतेपद. अंतिम फेरीत मलेशियाची आरोन चिया आणि सो वूई यिक ही जोडी होती. तिच्याकडून ते आधी आठ वेळा हरले होते, नवव्या वेळी जिंकले.
- ऑक्टोबर २०२३ : हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि जगात पहिला क्रमांक. त्या वर्षाचा खेलरत्न पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तीच मलेशियाची जोडी समोर आली आणि हे दोघं हरले. ऑलिंपिक पदक तिथेही हुकलं. मुलांना हेही सांगावं, गोष्ट फक्त गोड करून सांगू नये.

वर्गात काय करता येईल?

१. वरची वजाबाकी फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या आणि विचारा, "हा नियम तुम्हाला बरोबर वाटतो का?" मुलं भांडून भांडून गणित करतात, अनुभव आहे.
२. मैदानावर चुन्याने २० फूट रुंदी आखून दुहेरी खेळवा. शटल वर गेलं की बाजूबाजूला, खाली मारलं की पुढे-मागे.
३. जोडीच्या कामात दर आठवड्याला भूमिका बदला. आज बोलणारी उद्या लिहील.

आमच्या त्या दोघींना मी वेगळं केलं नाही, फक्त तिसरा उपक्रम सुरू केला. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली. मग एके दिवशी मराठी बोलणारी मुलगी तेलुगूत आकडे मोजताना ऐकू आली.

त्या ताईंना आता मी एवढंच सांगेन : तुमच्या लेकराचे गुण दुसरीमुळे कमी झाले नव्हते. दोघींनी पुढे-मागे व्हायला अजून शिकायचं होतं, आणि ते वेगळं बसून शिकता येत नाही.

तुमच्या वर्गात जोड्या कशा लावता, नक्की कळवा.