जुळ्या डिस्कचे दुखणे

एकाच मजकुराच्या दोन प्रती असाव्यात, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते, हा विचार मराठी माणसाला नवा नाही. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली आणि पाठभेद निर्माण झाले. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रत नाहीशी होणे आणि प्रतींत मेळ नसणे ही दोन्ही दुखणी संगणकालाही जडतात.

मी कला शाखेचा विद्यार्थी. संध्याकाळी एका पतसंस्थेत नोंदी करण्याचे काम करतो. तिचा सर्व्हर नांदेडला आहे. त्यावर लिनक्स ही युनिक्सच्या कुळातील प्रणाली चालते. भाजी विकून माझी आई रोज जी पिग्मी भरते, तिचा हिशेबही त्यातच आहे. म्हणून हा विषय मी समजून घेतला.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात. लिहिलेली प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन्हींवर उतरते. यालाच मिररिंग किंवा रेड-1 म्हणतात. ‘रेड’ हे नाव रूढ झाले ते 1988 साली बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या निबंधामुळे. या व्यवस्थेचा गुण हाच तिचा दोषही आहे. एक डिस्क बंद पडली तरी काम चालूच राहते, म्हणून कोणालाच काही कळत नाही. आमच्या सर्व्हरची एक डिस्क कित्येक आठवडे बंद होती आणि पावत्या मात्र बिनबोभाट निघत होत्या!

मग ओळखावे कसे? लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या कप्प्यातील ‘एमडीस्टॅट’ ही फाइल वाचावी. दोन्ही डिस्क धड असतील तर चौकटी कंसात ‘यू यू’ अशी दोन अक्षरे दिसतात. एका ‘यू’च्या जागी नुसती आडवी रेघ दिसली, की त्या जागेची डिस्क जोडीतून बाहेर पडली असे समजावे.

अशा वेळी घाई करू नये. प्रथम उरलेल्या डिस्कवरील सर्व नोंदींची प्रत बाहेर काढून घ्यावी. कारण नवी डिस्क भरताना जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. जिथे कधी वाचन झालेच नाही, असा खराब भाग नेमका तेव्हा उघडा पडतो. 4 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइट या वेगाने भरायची म्हटली तरी सुमारे साडेसात तास लागतात. तेवढा वेळ सगळा भार त्या एकट्या डिस्कवर असतो.

दुसरी गोष्ट, दोष डिस्कचा की तारेचा हे पाहावे. ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही डिस्क स्वतःच ठेवते. खराब भाग बदलल्याचे आकडे वाढत असतील तर डिस्क थकली. सीआरसी चुकांचाच आकडा वाढत असेल तर बहुधा तार सैल किंवा खराब असते. तिसरी गोष्ट, डिस्क काढताना तिचा अनुक्रमांक ताडून पाहावा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही. चांगली डिस्क काढून बिघडलेली आत ठेवली, तर सगळाच घात होतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. सर्व्हर सुरू करणारा बूटलोडर दोन्ही डिस्कवर आहे ना, हेही पाहावे. नाहीतर नोंदी शाबूत राहतात, पण यंत्र उठत नाही.

आता पाठभेदाचा प्रश्न. दोन्ही डिस्क चालू आहेत, पण एका जागी मजकूर वेगळा आहे. खरा कोणता? दोनच साक्षीदार असले आणि ते परस्परविरुद्ध बोलले, तर साधी मिररिंग निवाडा करू शकत नाही. झेडएफएससारखी व्यवस्था प्रत्येक तुकड्याची चेकसम वेगळी जपते. तिच्याशी जुळणारी प्रत खरी मानून ती दुसरी दुरुस्त करते. मात्र साध्या मिररिंगमध्येही दर महिन्याला दोन्ही डिस्क ताडून पाहाव्यात. भेद आहे एवढे तरी वेळेवर कळते.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. कोणी चुकून खाते पुसले, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच छपराखाली असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात छपरांचे काय झाले, हे लातूरकरांना सांगायला नको. म्हणून नांदेडच्या नोंदींची एक प्रत आता रोज रात्री लातूरला जाते. एकच संकट दोन्ही गावांवर एकाच दिवशी येण्याचा संभव थोडा.

ती प्रतही अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी लागते. जी प्रत कधी उघडलीच नाही, ती आहे असे समजणे धोक्याचे. खातेदाराला डिस्क दिसत नाही. त्याच्या हाती फक्त पासबुक असते. त्या पासबुकातील आकडा खरा ठरवणारी नोंद कुठे आणि किती ठिकाणी जपली आहे, हे विचारण्याचा हक्क दहा रुपयांची पिग्मी भरणाऱ्यालाही आहे.