हसे कोणाचे झाले?

एखादा चित्रपट फसला तर त्याला फसला म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. त्याने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. परंतु त्या चित्रपटात राबलेल्या माणसांना हसण्याचा अधिकारही त्या तिकिटातच येतो काय? 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' हा २००९ सालचा अमेरिकन माहितीपट पाहताना हा प्रश्न आमचा पिच्छा सोडेना. जगातला सर्वांत वाईट म्हणून गाजलेला भयपट 'ट्रोल २' आणि त्याच्यावर जीव टाकणारे त्याचे भक्त, हा या माहितीपटाचा विषय.

'ट्रोल २' चे चित्रीकरण १९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील युटा राज्यात झाले आणि १९९० साली तो बाहेर आला. दिग्दर्शक क्लाऊदियो फ्रागासो इटलीचे. पडद्यावर मात्र त्यांनी ड्रेक फ्लॉइड असे इंग्रजी वळणाचे नाव घेतले. पटकथा त्यांच्या पत्नी रोसेला द्रुदी यांची. गंमत अशी की, या चित्रपटात ट्रोल नावाचा राक्षस औषधालाही नाही. आहेत ते गॉब्लिन. १९८६ साली 'ट्रोल' नावाचा एक चित्रपट येऊन गेला होता. त्याच्याशी काडीचा संबंध नसताना केवळ खप व्हावा म्हणून त्याचे नाव याला चिकटवले गेले.

कथा अशी : एक कुटुंब सुटीसाठी निलबॉग नावाच्या खेड्यात जाते. या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की 'गॉब्लिन' होते. हे गॉब्लिन शाकाहारी! म्हणून ते माणसाला हिरवे अन्न खाऊ घालून आधी त्याची वनस्पती करतात आणि मग खातात. आपले मित्र एकामागोमाग शाकाहारी होत चालले होते, त्याच्या वैतागातून ही कल्पना सुचली, असे द्रुदीबाई सांगतात. भाड्याचे घर शोधताना 'तुमच्यात काय खातात?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्या आमच्या वाचकांना या राक्षसांचे थोडे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. असो.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. चित्रीकरण करणारा चमू इटालियन, त्यांना इंग्रजी जेमतेम येणारे. नट मात्र स्थानिक, आणि बहुतेक हौशी. संवादांचे इंग्रजी कोणीही माणूस बोलणार नाही असे होते. आम्ही ते सुधारून बोलतो, असे नटांनी सुचवले. परंतु लिहिले आहे तसेच, शब्दन् शब्द बोला, असा हुकूम सुटला, असे ते सांगतात. फ्रागासोंना हे मान्य नाही. आमच्या वकिली व्यवसायात आम्ही हेच रोज पाहतो : आदेश एकाचा, सही दुसऱ्याची आणि जबाब द्यायची वेळ तिसऱ्यावर. ज्या वाक्यांना आज प्रेक्षागृह हसते ती वाक्ये नटांनी लिहिली नव्हती. तरी चेहरा त्यांचाच आहे.

माहितीपटाचे दिग्दर्शक मायकेल स्टीफन्सन हे 'ट्रोल २' मधला लहान मुलगा जोशुआ. म्हणजे हसे झालेल्यांपैकीच एकाने कॅमेरा हाती घेतला आहे, आणि हे आम्हाला फार मोलाचे वाटते. नायक म्हणून त्यांनी निवडला तो पडद्यावरचा बाप, जॉर्ज हार्डी. हा गृहस्थ अलाबामातील अलेक्झांडर सिटीचा दंतवैद्य, हसतमुख, गावाचा लाडका. चित्रपटात घरच्यांनी ते अन्न खाऊ नये म्हणून मुलगा मेजावरील जेवणावर लघवी करतो, तेव्हा बाप पाहुणचाराच्या अपमानाबद्दल त्याला दरडावतो. गर्दीपुढे हे वाक्य म्हणताना हार्डींना होणारा आनंद खोटा नाही. गर्दीचे प्रेमही खोटे नाही, हे आम्ही कबूल करतो.

परंतु स्टीफन्सन प्रेक्षागृहात थांबत नाहीत, इतर नटांच्या घरी जातात. चित्रपटातला दुकानदार सांगतो की, त्या वेळी तो मनोरुग्णालयात उपचार घेत होता आणि तेथून सुटीवर चित्रीकरणाला आला होता. त्याच्या डोळ्यांतील तो विचित्रपणा अभिनय नव्हता. आता त्या प्रसंगाला हसून दाखवावे! आईची भूमिका करणारी स्त्री वृद्ध मातेची सेवा करीत, जगापासून दूर राहते आहे आणि आपल्या या चित्रपटाची तुलना ती हम्फ्री बोगार्ट, कॅथरिन हेपबर्न यांच्या चित्रपटांशी करते. येथे आमचा स्टीफन्सन यांच्याशी मतभेद आहे. तिने दार उघडले ही संमती खरी. परंतु आपले हे वाक्य ऐकून अनोळखी माणसे हसतील, याची तिला कल्पना होती काय? संमतीला माहितीचा आधार लागतो. हा प्रसंग वगळला असता तर माहितीपटाचे काही बिघडले नसते.

फ्रागासो अमेरिकेत येतात तेव्हा प्रेक्षकांची रांग पाहून प्रथम हरखतात. मग आत बसल्यावर त्यांच्या लक्षात येते की, लोक हसायच्या जागी हसतात आणि न हसायच्या जागीही हसतात. नट व्यासपीठावर चित्रीकरणाच्या आठवणी सांगू लागतात, तेव्हा हा माणूस भडकतो आणि त्यांना कुत्रे म्हणतो. इटालियन भाषेत वाईट नटाला अशीच शिवी आहे. त्यांच्या उद्धटपणाचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु आपण एक गंभीर चित्रपट केला, असे मानणारा त्या सभागृहात तो एकटाच होता, हेही नोंदवले पाहिजे.

हार्डींचे पुढे काय झाले? भयपटांच्या एका मेळाव्यात ते टेबल मांडून बसतात, तर त्यांना कोणी ओळखत नाही. मग हा प्रेमळ डॉक्टर आजूबाजूच्या लोकांना नाके मुरडू लागतो. या खोलीत किती जणांच्या हिरड्या सुजल्या आहेत, असे बोलून जातो. काल लोक त्यांना हसत होते. थोड्या दिवसांनी ते अलेक्झांडर सिटीला परततात आणि पांढरा कोट घालून पुन्हा रुग्णांचे दात तपासू लागतात.