आमवाताचें औषध आणि यकृताची राखण

दुखणें बळावलें असतां मनुष्य औषधाच्या वेळा घड्याळाकडे पाहून पाळतो. परंतु दुखणें हटलें कीं त्याच काळजीचा त्यास कंटाळा येऊं लागतो. कांहीं औषधें मात्र अशीं आहेत कीं, तीं गुण देऊं लागल्यावरहि त्यांच्यावरील नजर ढळूं देतां कामा नये. आमवातावर वर्षानुवर्षें घ्यावें लागणारें मेथोट्रेक्झेट हें त्यांपैकींच एक होय. तें घेणारें एखादें वडीलधारें माणूस आज पुष्कळ कुटुंबांत आढळतें; म्हणून या विषयाचा घरगुती दृष्टीनें विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

आमचे एक चुलतबंधू नाशिक जिल्ह्यांतील सुरगाणा येथें शिक्षक आहेत. १९४८ सालीं विलीन झालेल्या सुरगाणा संस्थानचें हें मुख्य ठिकाण गुजरातच्या सीमेलगत, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. शेजार प्रेमळ, पण तज्ज्ञ डॉक्टरांची गांठ घ्यावयाची तर घाटरस्त्यानें नाशिक गांठावें लागतें व जाऊन येऊन सारा दिवस मोडतो. आमच्या काकू या मुलाजवळच असतात. आमवातानें त्यांच्या बोटांचीं पेरें अशीं सुजलीं होतीं कीं, सकाळीं साडीच्या निऱ्या करावयासहि सूनबाईंना हांक मारावी लागे. मेथोट्रेक्झेट सुरू होऊन चार महिने लोटले आणि काकू पुन्हां पोळ्या लाटूं लागल्या. “आतां मला कांहीं होत नाहीं, नुसतें रक्त द्यावयाला तो घाट पुन्हां कशाला रे?” असें त्या साहजिकच म्हणूं लागल्या. चिरंजीवांनीं आग्रह धरला म्हणून बरें! त्या तपासणींत एस.जी.पी.टी. हा यकृताचा आंकडा मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलेला निघाला. काकूंना पोटदुखी नव्हती, कावीळ नव्हती, भूकहि नेहमीसारखीच होती.

यांत नवल कांहीं नाहीं. यकृताच्या अंतर्भागास वेदना कळत नाहीं, आणि त्याचा बराचसा भाग शिणला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. यकृतांतील पेशींस इजा झाली कीं त्यांतील कांहीं द्रव्यें रक्तांत पाझरतात, एस.जी.पी.टी. व एस.जी.ओ.टी. हीं त्यांचींच नांवें. मनुष्यास कळण्यापूर्वीं रक्तास कळतें, तें असें.

या औषधाचा इतिहास आपणां भारतीयांस जवळचा वाटावा असा आहे. आंध्रांतील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीचे संशोधनप्रमुख असतांना या कुळांतील औषधें तेथें सिद्ध झालीं. १९४८ सालीं बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनीं त्यांपैकीं एकाचा मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर उपयोग केला. आमवातासाठीं मेथोट्रेक्झेटला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली ती १९८८ सालीं. आमवातावरील त्याची मात्रा अल्प असते व ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोजची गोळी समजून घेतल्यास प्राणावर बेततें, हें प्रत्येक घरानें पक्कें ध्यानांत ठेवावें.

आतां तपासणीचा क्रम. औषधापूर्वीं यकृत व मूत्रपिंड यांची, तसेंच ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीची तपासणी करतात. पुढें पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनीं, नंतरचे तीन महिने दर आठ ते बारा आठवड्यांनीं व त्यापुढें दर बारा आठवड्यांनीं रक्त पाहावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. गोळी घेतल्यावर एकदोन दिवस आंकडे तात्पुरते चढूं शकतात. म्हणून पुढील गोळीच्या आदल्या एकदोन दिवसांत रक्त देणें बरें. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड देतात, त्यानें यकृताचा त्रास कमी होतो; तें टाळूं नये. मद्य तर वर्ज्यच समजावें.

काकूंचा अहवाल पाहून डॉक्टरांनीं गोळी थांबविली आणि विचारलें, “याखेरीज पोटांत आणखी काय जातें?” तेव्हां सूनबाई हळूच म्हणाल्या, “कुंपणाच्या लिंबावर गुळवेल आहे. पावसाळ्यापासून तिचा काढा मीं रोज सकाळीं देतें.” मुंबईंत २०२० सालीं गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत तेथील डॉक्टरांनीं पुढील वर्षीं प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानें त्या निष्कर्षास हरकत घेतली, हेंहि नमूद केलें पाहिजे. काकूंच्या बाबतींत दोष गोळीचा कीं काढ्याचा, हें डॉक्टरांनाहि निश्चित सांगतां येईना. दोन्ही बंद होतांच कांहीं आठवड्यांत आंकडे उतरले. मग गोळी कमी मात्रेनें पुन्हां सुरू झाली, काढा मात्र कायमचा थांबला. सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आलेलें पाहून काकू म्हणाल्या, “अगं, तूं प्रेमानें दिलास, मीं प्रेमानें घेतला. चुकलें एवढेंच, कीं आपण दोघींनीं सांगितलें नाहीं.”

सारें मर्म या शब्दांत आहे. एकत्र कुटुंबांत माया करणारे हात पुष्कळ. एक काढा देतो, दुसरा अंगदुखीची गोळी आणतो, तिसरा जुन्या चिठ्ठीवरून जंतुनाशक औषध घेतो. ट्रायमेथोप्रिमयुक्त जंतुनाशकें मेथोट्रेक्झेटबरोबर फार घातक ठरतात. म्हणून पोटांत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद एकाच वहींत असावी व ती वही दर खेपेस डॉक्टरांपुढें ठेवावी. तसेंच भिऊन आपल्या मनानें गोळी सोडूंहि नये. दुर्लक्षित आमवात सांधे कायमचे वांकडे करतो.

लांबच्या गांवीं राहणाऱ्यांनीं प्रवासाच्या धास्तीनें तपासणी चुकवूं नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यांत आले आहेत. कोणती तपासणी जवळच्या रुग्णालयांत होते याची आधीं चौकशी करावी. काकू आतां रक्त गांवांतच देतात व आंकडे दूरध्वनीवरून नाशिकच्या डॉक्टरांस कळविले जातात. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर गोळीचा वार तांबड्या पेन्सिलीनें व रक्ताचा दिवस निळ्या पेन्सिलीनें खुणावलेला असतो. खुणा करण्याचें काम नातवाकडे आहे, आणि तो त्यांत आजीची गय करीत नाहीं!