कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांचे पुढे काय?

शिरोड्याच्या मिठागरात आमचे भावजी मजुरी करीत. त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाच्याला, २००४ साली वयाच्या सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. ताईने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून परळच्या टाटा रुग्णालयात त्याचे उपचार पुरे केले. पोरगा बरा झाला. आम्हाला वाटले, संपले.

संपले नव्हते. शाळेत त्याला खेळू देत नसत. पुढे आय.टी.आय. करून एका कारखान्यात अर्ज केला. पूर्वीच्या आजाराच्या रकान्यात त्याने खरे ते लिहिले. बोलावणे आलेच नाही. आता तो शिरोडा बाजारात पंप, पंखे दुरुस्त करतो, आणि हात चांगला आहे म्हणून गिऱ्हाईक लांबून येते.

टाटा रुग्णालयात अशा मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो. उपचार संपून दोन वर्षे आजार परतला नाही, की तेथे नाव नोंदवतात. काही औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनंतर दिसतो. डोक्याला किरणे दिली असतील, तर अभ्यास व वाढ मागे पडू शकते. म्हणून धडधाकट दिसले तरी तपासणीला जावे लागते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने अशा तरुणांनी २००९ मध्ये ‘उगम’ हा गटही काढला.

खरी अडचण लग्नाची. भगिनींनो, हा आजार संसर्गाचा नाही. काही औषधांनी मूल होण्यात अडचण येऊ शकते, पण ती सर्वांनाच येत नाही. पुष्कळांना निरोगी मुले झाली आहेत. डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरसारखे थोडे प्रकार आनुवंशिक असतात. तेथे डॉक्टरांना आधी विचारावे. एरवी आईबापांना लहानपणी झाला म्हणून तो मुलांनाही होईल, असे नाही.

पण हे ऐकते कोण? पहिले स्थळ आजाराचे कळताच गप्प झाले. दुसऱ्या वेळी ताई म्हणाली, “सांगलंस तर लगीन जमाचा नाय.” खरे सांगायचे तर आम्हीही तिच्याच बाजूने होतो. भाचा म्हणाला, “आये, लपवून काय मेळतला? तिका उद्या कळतलाच.” तो फाईल घेऊनच मुलीच्या घरी गेला. तिच्या वडिलांनी चहा दिला, पण बोलणे टाळले. मुलीने मात्र सगळे कागद पाहिले आणि विचारले, पुढची तपासणी कधी आहे?

ती पुढच्या महिन्यात आहे. वडिलांचा होकार अजून आलेला नाही. सावंतवाडीहून गाडीची तिकिटे मात्र भाच्याने दोन नव्हे, तीन काढली आहेत. तिसरे मुलीच्या मोठ्या भावाचे. डॉक्टरांना त्याला स्वतः विचारायचे आहे.