एका होकारात साऱ्या गावाची माहिती

विस्तार कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये आज जवळजवळ सारे गाव सामावलेले असते. शेकडो शेतकऱ्यांचे क्रमांक, नोंदणीसाठी आलेली आधार कार्डाची छायाचित्रे, सातबारा उतारे, बँक पासबुकाचे पहिले पान. अशा मोबाइलवर नवे अ‍ॅप घेताना ‘अनुमती द्या’ या बटणावर टेकलेले बोट एका व्यक्तीपुरते राहत नाही. ज्यांना कोणी विचारलेलेच नाही, त्यांचीही माहिती त्या होकारात जाऊ शकते.

परवानगी मागणे मुळात गैर नाही. महाराष्ट्रातील ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र प्रत्यक्ष शेतातच घेतले आहे हे ठरविण्यासाठी कॅमेरा आणि स्थान, दोन्ही लागतात. मात्र तालुकानिहाय हवामान सल्ल्यासाठी तालुका निवडणे पुरेसे असते. तेथे स्थान द्यायचेच झाल्यास अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ स्थानाचा पर्याय आहे. बाजारभाव दाखविणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादी कशाला हवी, याचे समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही.

सर्वांत घातक परवानगी एसएमएस वाचण्याची. बँकेचा ओटीपी तेथेच येतो. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘एपीके’ फाइली नेमकी हीच परवानगी मागतात. गटात आलेली अशी फाइल शेतकरी बहुधा पाठविणाऱ्यावरील विश्वासाने उघडतो, आणि पाठविणारा अनेकदा कार्यकर्ताच असतो. अनुदानाचा संदेश पुढे धाडण्याची घाई येथे महागात पडते. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. विलंब झाल्यास रक्कम रोखणे अवघड होते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती कशी असावी हे सांगताना कायद्याने दिलेले उदाहरण शेतीलाही चपखल बसते. दूरवैद्यकीय सेवेच्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ती दिली, तरी सेवेसाठी यादी आवश्यक नसल्याने ती संमती यादीपुरती ग्राह्य धरली जात नाही. वैद्याच्या जागी पीकसल्लागार ठेवला, तरी न्याय तोच.

जुन्या अ‍ॅपना दिलेल्या परवानग्या मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये एकत्र पाहता व काढून घेता येतात. अँड्रॉइड १४ पासून संपूर्ण गॅलरीऐवजी निवडक छायाचित्रेच देण्याची सोयही आहे; रोगट पानाचे छायाचित्र पाठविताना शेजारचे आधार कार्ड त्यामुळे सुरक्षित राहते. परवानगी काढून घेतल्याने पुढचा प्रवेश थांबतो, परंतु पूर्वीच नेलेली यादी परत येत नाही. ती पुसून टाकण्याची मागणी संबंधित कंपनीकडे स्वतंत्रपणे करावी लागते.